आईच्या फोनवर यूपीआय: पेन्शनचं खातं, छोटं खातं, लाइट की सर्कल?

"मलाही ते स्कॅन करायचं शिकव," असं आई म्हणाली, ते सुट्ट्या पैशांना वैतागून. भाजीवालीकडे वीस रुपये सुटे नसतात आणि रिक्षावाला शंभरची नोट बघूनच मान हलवतो. आई एकाहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका. शिकायला तिला अर्धा तास लागला. कोणतं खातं जोडायचं यावर आम्हा भावंडांचा मात्र आठवडाभर खल चालला. तुमच्या घरीही हा प्रश्न आला असेल तर आमचा हिशेब उपयोगी पडेल.

बहुतेक घरांत पेन्शनचंच खातं जोडून दिलं जातं. त्यात नवीन काही उघडावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण यूपीआयने दिवसाला साधारण १ लाख रुपयांपर्यंत पैसे जाऊ शकतात, आणि पिन एकदाच चुकीच्या जागी टाकला तरी पुरतं. फसायला माणूस भोळा असावा लागतो, हा आपला गोड गैरसमज. "वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडू" हा मेसेज इतका फिरला की महावितरणला लोकांना सावध करावं लागलं. आमच्या ओळखीचे एक काका आयुष्यभर लेखापरीक्षण करत आले. त्यांनीही मेसेजमधल्या नंबरवर फोन लावलाच. त्यात रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की पिन किंवा ओटीपी ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान त्याचंच. त्यामुळे हा पर्याय आम्ही पहिल्याच दिवशी बाद केला.

दुसरा पर्याय वेगळ्या छोट्या खात्याचा. दुसऱ्या बँकेत बचत खातं उघडायचं आणि पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम तिकडे जाईल अशी कायमची सूचना देऊन ठेवायची. आम्ही ८,००० रुपये ठरवले. यूपीआय फक्त या खात्याला. काहीही झालं तरी बुडतील ते तेवढेच. किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारा, नाहीतर दंडातच पैसे जातील. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली: पेन्शनच्या खात्याला जोडलेलं सिमकार्ड स्मार्टफोनमध्ये ठेवूच नका, जुन्या बटणाच्या फोनमध्ये घाला. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल येते. ती उघडून ॲप बसवलं गेलं तर ते फोनमधले एसएमएस वाचू शकतं. मोठ्या खात्याचा ओटीपी त्या फोनवर येतच नसेल तर वाचणार काय? दोन फोन सांभाळायचे म्हणून आई कुरकुरली खरी, पण बटणाचा फोन आता फ्रिजवर असतो आणि हरवत नाही.

यूपीआय लाइट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. फोनमध्येच एक छोटं पाकीट, त्यात ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता देता येतात. भाजी, रिक्षा, दूध यांना हे उत्तम. दुकानात लोकांसमोर पिन दाबावा लागत नाही आणि पासबुकात कोथिंबिरीच्या दहा रुपयांची ओळ येत नाही. पासबुक ताळा लावून बघणाऱ्यांना ही सोय किती मोठी, ते घरात असा माणूस असल्याशिवाय कळणार नाही. उणीव एकच, फोन उघडा कुणाच्या हाती लागला तर पाकीट त्याचंच. स्क्रीनलॉक हवंच. आपोआप पैसे भरण्याची सोय बंदच ठेवा, नाहीतर पाकिटाच्या मर्यादेला अर्थ राहत नाही.

यूपीआय सर्कल ऑगस्ट २०२४ चं. यात खातं मुलाचं आणि फोन आईचा. पूर्ण परवानगी दिली तर आई महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत स्वतः देऊ शकते. अर्धी दिली तर दर वेळी मुलाने पिन टाकायचा. दोन्ही प्रकार प्रत्येक ॲपमध्ये मिळतीलच असं नाही, आधी पाहून घ्या. कागदावर हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. आईने तो एका वाक्यात उडवला: "म्हणजे मी किती पेढे घेतले ते तुला ऑफिसात कळणार?" जिने चाळीस वर्षं स्वतःचा पगार स्वतः खर्चला तिला हे कसं रुचावं! अर्धी परवानगी तर आणखी अवघड, मुलगा मीटिंगमध्ये आणि आई काउंटरवर ताटकळत. पण उलट बाजूने सर्कल फार कामाचं आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, बाजारात नात जाते. खातं वडिलांचं, फोन नातीचा, पिन वडील घरी बसून टाकतात. पैसा त्यांचा आणि निर्णयही त्यांचाच.

आम्ही छोटं खातं घेतलं आणि त्यावर लाइट. आई एकटीच राहत असती आणि तिला विसरायला होत असतं, तर मी सर्कलसाठी हट्ट धरला असता.

यातलं काहीही मुदत ठेवींना वाचवत नाही. 'डिजिटल अरेस्ट'वाले, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून अटकेची भीती घालणारे, यूपीआयवर अडून बसत नाहीत, ते ठेव मोडून बँकेतून आरटीजीएसने मोठी रक्कम पाठवायला लावतात. असली अटक कायद्यात नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं, तरी व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश दिसला की ते आठवेलच असं नाही. म्हणून आईच्या ठेवी भावाच्या जोडीने, बँकेत जाऊन, कागदावर केल्या. अशी ठेव मुदतीआधी मोडायला दोघांच्याही सह्या लागतात. मोबाइल ॲपवर केलेली ठेव मात्र घरबसल्या मोडता येते, त्यामुळे त्या मोठ्या खात्याचं नेटबँकिंग घेतलंच नाही.

आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर दोन्ही फोनमध्ये 'पैसे गेले' या नावाने घालून ठेवला. त्या घाईत 'सायबर' हा शब्द तिला सुचला नसता.