नॉर्वेच्या क्रूझवर: क्रोनच्या नोटा की कार्ड?

नॉर्वे युरोपात असला तरी तिथलं चलन युरो नाही, क्रोन आहे. त्यामुळे बर्गन, फ्लोम, गायरांगर अशी बंदरं घेणाऱ्या क्रूझवर निघताना प्रश्न पडतोच: नोटा बदलून न्याव्यात की कार्डावर भागवावं?

माझं मत स्पष्ट आहे, कार्ड. बर्गनमध्ये कॉफी घ्या किंवा फ्लोयेन डोंगरावर जाणाऱ्या फ्युनिक्युलरचं, म्हणजे तारेच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेचं, तिकीट काढा, कार्ड टेकवलं की काम होतं. फक्त मशीनच्या पडद्यावर नीट बघा. पैसे क्रोनमध्ये कापू की तुमच्या चलनात, असं विचारलं तर क्रोनच निवडा. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यामागचा दर बहुधा महाग पडतो. बँक परदेशी व्यवहारावर किती शुल्क लावते, तेही आधीच विचारून ठेवा. आणि कार्डं दोन न्या, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

रोखीचा एक गुण मात्र मी मानते: पाकीट रिकामं होताना दिसतं, हात आपोआप आखडतो. पण परत आल्यावर नोटा तोट्यात बदलाव्या लागतात, नाणी तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. जहाजावरही रोख फारशी उपयोगी नाही. खर्च केबिनच्या खात्यावर चढतो. तो रोज रात्री तपासा.

खर्च खरा वाचतो तो खाण्यापिण्यात. रेस्टॉरंटच्या बिलात 25 टक्के कर असतो, किराणा दुकानातल्या खाद्यपदार्थांवर 15. नळाचं पाणी उत्तम असतं, रिकामी बाटली सोबत ठेवा.