काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता : फाटकापासून अंगणापर्यंत, वर्षभर वापरल्यावर

दर्यापूर तालुक्यात आमचं शेतातच घर आहे. गेल्या फेब्रुवारीत फाटकापासून अंगणापर्यंत आणि पुढे गोडाऊनच्या दारापर्यंत डांबरी रस्ता करून घेतला. लांबी साधारण ६० मीटर, रुंदी साडेतीन मीटर. त्यावरून एक उन्हाळा, एक पावसाळा आणि कापसाचा एक हंगाम गेला. रोजची मोटरसायकल आणि कार, आठवड्यातून कितीदा तरी ट्रॅक्टर-ट्रॉली, हंगामात भरलेली मेटाडोर. आता पुन्हा ऊन तापायला लागलं आहे, म्हणजे एक फेरा पूर्ण झाला. आमच्या पट्ट्यात असं काम काढायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

रस्ता चांगला राहिला आहे आणि पुन्हा करायची वेळ आली तर मी असाच करीन. पण डांबर या कामातला सगळ्यात सोपा भाग होता. आमच्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा जमिनीखाली आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना गेला, आणि रस्ता टिकला तो त्यामुळेच.

पूर्णेच्या खोऱ्यातली माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे पटणं अवघड आहे. विदर्भात इतर बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फूट खणलं की मुरूम लागतो. काळी माती काढून टाकली, मुरमावर गिट्टी अंथरली की पाया झाला. आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, कितीही खणा, खाली चिकणमातीच. एप्रिलमध्ये तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती फुगून भेगा मिटवते. या मातीतल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. त्यात आमच्याकडे सोडियम जास्त, त्यामुळे निचराही होत नाही. आमच्या मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘ताई, हे काळी हाये. पाण्यानं फुगते अन् उन्हानं फाटते. वरतून कितीबी डांबर टाका, ते खालून उचलून देते.’

राष्ट्रीय महामार्गांसाठी अशा जमिनीवर ०.६ ते १ मीटर जाडीचा न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायला सांगतात. घरच्या रस्त्याला तेवढा मुरूम लांबून आणणं परवडत नाही. म्हणून आम्ही दीड फूट माती काढली आणि उरलेल्या तळाला चुना दिला. कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना लागतो. आमच्या अभियंत्यानं ४ टक्के धरला. मिसळायला वेगळं यंत्र लागलं नाही, शेतातलाच रोटाव्हेटर चालवला. चुन्यातलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं, माती भुसभुशीत होते आणि फुगण्याची ताकद बरीच कमी होते. पाणी मारून थर ओलसर ठेवला, मुरू दिला आणि मगच रोलर फिरवला. चुना हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. आमच्या एका मजुराचे हात चांगलेच भाजले.

खोदकामाची वेळ मला फार महत्त्वाची वाटते आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. मे महिन्यात माती हाडासारखी कोरडी असते. तिच्यावर पाया बांधला, तर पहिल्या पावसात ती फुगून सगळं उचलते. भर पावसाळ्यात तर यंत्रच रुतेल. तूर निघाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, मातीत थोडी ओल शिल्लक असते. काम काढायचं ते तेव्हाच.

चुन्याच्या थरावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं. ठेकेदाराला हा खर्च वायफळ वाटत होता, पण मी त्यावर ठाम राहिले, कारण शेजारच्या शेतातल्या रस्त्यात गिट्टीच्या फटींतून चिखल वर आलेला डोळ्यांनी पाहिला होता. माती आणि गिट्टी वेगळी ठेवणं एवढंच त्या कापडाचं काम. त्यावर मुरूम, मग पाणी घालून दाबलेली गिट्टी. मुरमाचा एक सोपा कस सांगते : मूठभर मुरूम भिजवून तळहातावर चोळा. चिखल होऊन बोटांना चिकटला तर तो ट्रक परत पाठवा. आमच्याकडे आलेला एक ट्रक असाच परत गेला.

आता डांबर. हॉटमिक्सची, म्हणजे प्लांटमध्ये डांबर आणि गिट्टी गरम मिसळून आणलेल्या मालाची, अडचण अशी की घरच्या कामाला माल लागतो थोडा आणि प्लांट एवढ्या थोड्या मालासाठी सहसा तयार होत नाही. जवळपास सरकारी रस्त्याचं काम चालू असेल तेव्हा त्याच ठेकेदाराला गाठणं हा आमच्या भागातला चालणारा मार्ग आहे. माल १४० अंशांच्या खाली उतरायच्या आत अंथरला पाहिजे आणि ९० अंशांच्या खाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. प्लांट लांब असेल तर हे गणित चुकतं. आम्ही खाली ५० मिमी बीएम (बिटुमिनस मॅकॅडम, म्हणजे डांबर-गिट्टीचा खालचा थर) आणि वर २५ मिमी बारीक गिट्टीचं कार्पेट केलं. गिट्टी आपल्याकडची काळ्या पाषाणाचीच असते, आणि डांबर तिला चांगलं धरून राहतं. याच भागात, अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किमी डांबरी थर अंथरून गिनीज विक्रम झाला. ते काम बघायला आम्ही गेलो होतो, आणि गरम माल थंड होऊ न देता सलग अंथरण्यात केवढी शिस्त लागते ते तिथे समजलं.

डांबराची प्रत मात्र आवर्जून विचारा. आयएस ७३ या डांबराच्या भारतीय मानकात सोपा तक्ता आहे. त्यात व्हीजी म्हणजे डांबराच्या घट्टपणाची प्रत, आकडा मोठा तितकं डांबर घट्ट. सलग सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश असेल तर व्हीजी-३०, ४५ च्या वर गेलं तर व्हीजी-४०. आमचा भाग बरोबर या सीमारेषेवर येतो. प्लांटवर व्हीजी-३० च होतं, म्हणून तेच पडलं. त्याचा परिणाम मे महिन्यात दिसला. गोडाऊनसमोर भरलेली ट्रॉली दुपारभर उभी राहिली तिथे चाकांचे उथळ ठसे उमटले आणि ते अजून आहेत. चालत्या गाड्यांखाली मात्र कुठेही घडी पडलेली नाही. जिथे वजन उभं राहणार, म्हणजे गोडाऊनचं दार, ट्रॅक्टरची जागा, तिथे काँक्रीटचा तुकडा किंवा पेव्हर ब्लॉक घाला, हा माझा आता ठाम सल्ला आहे. ट्रॅक्टरच्या टाकीतून ठिबकणारं डिझेल डांबर विरघळवतं, त्यासाठीही तेच बरं.

उन्हाळ्यातले बाकीचे त्रास रोजचे आहेत. मोटरसायकलचं साइड स्टँड दुपारी खाली रुततं, म्हणून आम्ही फरशीचे तुकडे ठेवले आहेत. गाडी जागेवर उभी ठेवून स्टेअरिंग वळवलं की पृष्ठभाग ओरबाडला जातो. आणि उष्णता! काळा पृष्ठभाग दिवसभर ऊन पितो आणि रात्री सोडतो. सासूबाई पहाटे अनवाणी देवळात जातात, तेव्हा ठीक असतं. दुपारी कुत्रंसुद्धा त्यावर पाय ठेवत नाही. खोलीच्या खिडकीखाली रस्ता आणू नका. आम्ही तो अंगणाच्या काठाशीच थांबवला आणि आत फरशी ठेवली, ते फार बरं झालं.

खरी परीक्षा कडांची झाली. मे संपता संपता कडूलिंबाच्या बाजूला, कडेपासून फूटभर आत, रस्त्याला समांतर एक लांब भेग दिसली. रस्त्याच्या मध्याखालची माती झाकलेली असते, तिची ओल वर्षभर फारशी बदलत नाही. कडेखालची मात्र उन्हाळ्यात वाळून आकसते, आणि झाड जवळ असेल तर मुळं उरलंसुरलं पाणीही ओढतात. दुसऱ्या बाजूला झाड नाही आणि मुरमाची साइडपट्टी तीन फूट रुंद आहे. तिथे एकही भेग नाही. कडूलिंबाच्या बाजूला ती जेमतेम फूटभर मिळाली होती. हा फरक डोळ्यांसमोर असताना साइडपट्टीवर पैसे वाचवा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पावसाळ्यात रस्त्याचा उतार, अडीच टक्के, नीट चालला, पाणी कुठे साचलं नाही. नाली सरळ शेताच्या खालच्या धुऱ्याकडे नेली आहे. फक्त पाइप आडवा टाकला होता त्या ठिकाणी जुलैत रस्ता बसला. खणून पाहिलं, तर ठेकेदाराच्या माणसांनी पाइपाभोवती निघालेली काळी मातीच परत भरली होती. मला याचा फार राग आला, कारण बाकी सगळीकडे एवढी काळजी घेऊन नेमक्या त्या जागी कसूर झाली. ती माती काढून चुरी भरली, थर-थर दाबली, वर थंड डांबरी मिश्रणाच्या पिशव्या वापरून बुजवलं. आता टिकून आहे. पाइप टाकताना घरातल्या कुणीतरी तिथे उभं राहायलाच हवं.

देखभालीत सगळ्यात महत्त्वाचं काम भेगा भरण्याचं. पाऊस पडायच्या आत भेग बुजली पाहिजे, नाहीतर पाणी थेट चिकणमातीत उतरतं. पण मेच्या अखेरीस भेग सगळ्यात रुंद असते आणि पावसाळ्यात मिटते, त्यामुळे काठोकाठ भरलेला मसाला जुलैत वर फुगून येतो. आमच्याकडे तसं झालं, तो उंचवटा खरवडून काढावा लागला. या वर्षी भेग तारेच्या ब्रशनं साफ करून इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) आणि चुरी थोडी खाली ठेवूनच भरणार आहे. कुणी ‘जळकं ऑइल मारा, रस्ता काळाभोर होतो’ म्हणालं तर अजिबात ऐकू नका. तेल डांबराला मऊ करून गिट्टी सुटी करतं. थोडा करडा पडलेला रंग हा दोष नव्हे.

पेव्हर ब्लॉक बरे की डांबर, हे आम्हीही खूप तोललं. ब्लॉक खालीवर झाले तर उचलून पुन्हा बसवता येतात, आणि छोट्या अंगणासाठी मी तेच निवडीन. सलग काँक्रीट मात्र अशा मातीवर आमच्या भागात तडकलेलंच जास्त पाहिलं आहे. लांब रस्ता, ट्रॅक्टरची ये-जा आणि पाया नीट करायची तयारी असेल तर डांबर. पायाला पैसे नसतील तर नुसता मुरूम दाबून दरवर्षी एक-दोन ट्रॉल्या टाकत राहणं स्वस्त आणि बरं पडेल.

आमचं पुढचं काम ठरलं आहे. कडूलिंबाच्या बाजूला साइडपट्टी वाढवायला झाडापर्यंत पुरेशी जागा नाही, म्हणून तिथे कडेनं तीन फूट खोल चर खणून उभं जाड प्लास्टिक घालायचं, म्हणजे मुळंही अडतील आणि कडेखालची ओलही टिकेल. वरून मुरमाच्या दोन ट्रॉल्या लागतील, आणि पावसाआधी नाली एकदा साफ करायची.