व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया की न्यू जर्सी? अमेरिकेतल्या जुन्या मताधिकारावर लिहिताना कोणतं राज्य निवडावं

या विषयावर प्रबंधिका लिहायची असेल, तर अख्खी अमेरिका हातात घेऊ नका. १७८७ च्या संविधानाने मतदार कोण हे ठरवलंच नाही. राज्याच्या विधिमंडळातल्या मोठ्या सभागृहासाठी ज्याला मत देता येतं, त्याला केंद्रातल्या प्रतिनिधिगृहासाठीही देता येईल, एवढंच त्यात म्हटलं. म्हणून राज्य बदललं की मतदारही बदलायचा.

जमीन आणि सत्ता यांचं नातं दाखवायचं असेल तर व्हर्जिनिया घ्या. १७३६ च्या कायद्याप्रमाणे पडीक जमीन असेल तर १०० एकर, घर बांधून कसलेली असेल तर २५ एकर लागायची. हयातभराच्या पट्ट्याने कसणारं कूळही पात्र ठरायचं. हे सुटलं तर मतदारांचा अंदाज चुकतो. उलट, एकाच माणसाची दोन काउंट्यांत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) जमीन असेल तर तो दोन्हीकडे मत द्यायचा, म्हणून याद्यांची नुसती बेरीज करू नका. मत शेरीफसमोर, म्हणजे काउंटीच्या अधिकाऱ्यासमोर, उमेदवारांच्या देखत, मोठ्याने सांगायचं. मोठ्या जमीनदाराच्या शब्दाला वजन होतं ते यामुळेही. स्वतंत्र कृष्णवर्णीयांचं आणि मूलनिवासींचं मत १७२३ मध्येच काढून घेतलं होतं.

पेनसिल्व्हेनियाने १७७६ मध्ये जमिनीची अट टाकून करदात्याला मत दिलं. (मुंबई इलाख्यातही १९१९ च्या सुधारणांनंतर ग्रामीण मतदार शेतसाऱ्यावर ठरायचा, त्यामुळे आपल्याला ही अट लवकर उमगते.) पण नुसतं संविधान वाचून थांबलात तर फसाल. १७७७ पासून निष्ठेची शपथ सक्तीची झाली आणि शपथ धर्माला मान्य नसलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं मत गेलं. ती सक्ती १७८९ पर्यंत टिकली.

एकच राज्य घ्यायचं तर मी न्यू जर्सी सुचवेन. १७७६ च्या संविधानात ‘सर्व रहिवासी’ असे शब्द होते. अटी तीन: सज्ञान वय, काउंटीत १२ महिने वास्तव्य आणि ५० पौंडांची मालमत्ता. हे पौंड ‘प्रोक्लमेशन’ चलनातले, म्हणजे इंग्लंडच्या हिशेबाने साधारण साडेसदतीस. लिंग आणि वर्ण यांचा उल्लेखच नव्हता. म्हणून अविवाहित स्त्रिया, विधवा आणि मालमत्ता असलेले कृष्णवर्णीय मत देत. लग्न झालेली स्त्री मात्र बाहेर, कारण तिची मालमत्ता कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जायची. १७९० च्या कायद्यात ‘तो किंवा ती’ असं स्पष्ट लिहिलं गेलं, पण सातच काउंट्यांसाठी. सगळ्या राज्याला ते १७९७ मध्ये लागू झालं. इथे तारखांची गल्लत फार होते. मॉन्टगोमेरी टाउनशिपच्या १८०१ च्या यादीत स्त्रियांची नावं आजही वाचता येतात.

फेब्रुवारी १८०७ मध्ये एसेक्स काउंटीचं न्यायालय न्यूअर्कला बांधायचं की एलिझाबेथटाउनला, यावर मतदान झालं आणि दोन्ही बाजूंनी बेसुमार बोगस मतं पडली. त्याच वर्षी विधिमंडळाने मत फक्त गोऱ्या, करदात्या पुरुष नागरिकांपुरतं ठेवलं. गरीब गोऱ्याची ५० पौंडांची अडचण गेली, पण बोगस मतांचं खापर स्त्रियांवर आणि कृष्णवर्णीयांवर फुटलं, हा मला या इतिहासातला सर्वांत बोचरा भाग वाटतो.

न्यू जर्सी हा अपवाद होता, असा आक्षेप मार्गदर्शकांनी घेतलाच, तर पेनसिल्व्हेनियाचं १८३८ चं संविधान जोडीला ठेवा. तिथेही मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द तेव्हाच घुसला.