घरी कालवलेलं दोन-भागी डोसिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरातली खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी, निव्वळ पाणी २०० लिटर, त्यात एसपीएस (लहान पॉलिपचे) आणि एलपीएस (मोठ्या पॉलिपचे) असे मिश्र प्रवाळ, दोन हेडचा पेरिस्टाल्टिक (नळी दाबून थोडाथोडा द्रव ढकलणारा) डोसिंग पंप आणि घरी कालवलेली दोन द्रावणं: एक कॅल्शियमचं, एक अल्कलिनिटीचं, प्रवाळ रोज वापरतात ते भरून काढायला. आठ महिने ही मांडणी सलग चालवल्यावर मत पक्कं झालं आहे: पद्धत उत्तम आहे, फक्त रोजचा निर्णय अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप) बघून घ्यायचा. कॅल्शियमच्या आकड्यामागे धावलं की टाकी कधीच स्थिरावत नाही.

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो बांधला जाताना १ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) अल्कलिनिटी खर्ची पडली, तर बरोबरीने साधारण ७ पीपीएम (दशलक्षात भाग) कॅल्शियम जातं. रोजचा खप अर्धा डीकेएच धरा. तीन दिवसांत अल्कलिनिटी ८.५ वरून ७ वर येते आणि साध्या पाणी-तपासणी किटवरही ते दिसतं. तेवढ्याच काळात कॅल्शियम ११ पीपीएमने घटतं, आणि बहुतेक घरगुती किटची चूकच १० ते २० पीपीएमची असते. म्हणजे कॅल्शियमचा खरा खप दिसण्याआधीच आपण किटच्या चुकीवर डोस बदलून बसतो.

द्रावणांचं प्रमाण मुद्दाम सोपं ठेवलं. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ७३.५ ग्रॅम, अल्कलिनिटीसाठी खायचा सोडा ८४ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत, आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवून प्रत्येकी १ लिटर करायचं. पहिल्यात २०,००० पीपीएम कॅल्शियम येतं, दुसऱ्यात २,८०० डीकेएच. दोन्ही सारख्याच मिलिलिटरमध्ये घातली की प्रमाण आपोआप जुळतं. हिशेब असा: टाकीचे लिटर गुणिले रोजचा खप डीकेएचमध्ये, भागिले २,८००. २०० लिटर आणि ०.५ डीकेएचला ०.०३६ लिटर, म्हणजे दोन्हींचे रोज ३६ मिलि. लिटर मोजताना काचेच्या टाकीचं बाहेरचं माप धरू नका. खडक आणि वाळू बरीच जागा खातात, सम्पमधलं (टाकीला जोडलेल्या वेगळ्या टाकीतलं) पाणी मात्र धरायचं.

सोडा इतक्या प्रमाणात हळू विरघळतो, ढवळत राहावं लागतं. पाणी उकळून घाई करू नये. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि द्रावणाचा पीएच बदलतो. टाकीचा पीएच कमी राहत असेल तर सोडा १५० अंश सेल्सिअसला तासभर भाजून घ्यावा. ८४ ग्रॅमचे साधारण ५३ ग्रॅम होतात, अल्कलिनिटी तेवढीच राहते आणि डोसबरोबर पीएच वर जातो. बेकिंग पावडर इथे चालत नाही, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. कॅल्शियम क्लोराइडचा डबा उघडा राहिला तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, मग वजन बरोबर भरतं पण कॅल्शियम कमी पडतं.

डोस देण्याच्या जागेवर बरंच काही ठरतं. दोन्ही नळ्या जोरदार प्रवाहात, एकमेकींपासून लांब, आणि डोसांमध्ये किमान अर्ध्या तासाचं अंतर. एकाच ठिकाणी लागोपाठ पडले तर पाण्यात पांढरा धूर दिसतो. ते कॅल्शियम कार्बोनेटच असतं. प्रवाळांना मिळण्याआधीच वाया गेलेलं. हीटर आणि रिटर्न पंपावर (सम्पमधलं पाणी परत वर टाकणाऱ्या) पांढरी खपली जमत असेल तर अल्कलिनिटी जास्त आहे किंवा मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम या स्फटिकांची वाढ रोखतं. ते १,२०० पीपीएमच्या बरंच खाली गेलं की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकत्र वर टिकवणं कठीण होतं.

आता या पद्धतीतली खरी उणीव. कॅल्शियम आणि कार्बोनेट सांगाड्यात जातात, मागे उरतं साधं मीठ. अर्धा डीकेएच रोज या हिशेबाने, पाणी न बदलता सहा महिन्यांत लिटरमागे सुमारे १.९ ग्रॅम मीठ साचतं. खारेपणा ३५ वर (हजार भागांत ३५ भाग क्षार) आणायला आरओ पाणी घातलं की मीठ पातळ होतं, पण मॅग्नेशियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियमही पातळ होतात. १,३०० चं मॅग्नेशियम अशानेच १,२३० च्या आसपास येतं. प्रवाळांनी खाल्लं असं वाटतं, पण त्यांचा वाटा त्यात थोडाच. म्हणून नियमित पाणीबदल हवाच. उरलेली तूट मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेटने भरावी: २०० लिटरमध्ये ५० पीपीएम वाढवायला ८४ ग्रॅम, दोन दिवसांत विभागून.

अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे तिन्ही आकडे एकदम खाली आले तर द्रावणांना हात लावण्याआधी खारेपणा मोजा. ३५ चा ३३ झाला की ४२० चं कॅल्शियम ३९६ दिसतं, १,३०० चं मॅग्नेशियम १,२२६. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेला हवा, नुसत्या शुद्ध पाण्यावर नाही.

पंपाची नळी दाबून दाबून थकते आणि ठरल्यापेक्षा कमी द्रव ढकलते. दर महिन्याला मोजपात्रात १० मिलि काढून तपासावं. दोन नळ्या सारख्या थकत नाहीत. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची फारकत झाली तर आधी इथे बघावं.

एक लक्षण मात्र लगेच मनावर घ्यायचं: डोस तोच असूनही अल्कलिनिटी चढायला लागते. याचा अर्थ प्रवाळांनी सांगाड्याचं बांधकाम थांबवलं आहे. अशा वेळी डोस खपापुरता उतरवा, दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढउतार होऊ देऊ नका, आणि तापमान, फॉस्फेट, नायट्रेट तपासा. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास शून्य असताना अल्कलिनिटी १० च्या वर गेली, तर एसपीएसची टोकं जळतात. अशा टाकीत ती ७ ते ८ वरच ठेवावी.