मुरघासाच्या खड्ड्यात 30 टन हवा

मका कापून, कुट्टी करून मुरघासाच्या (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याच्या) खड्ड्यात दाबायचं बिल ठेकेदाराने टनावर लावलं, पण एकही ट्रॉली वजनकाट्यावर चढवली नाही. टेपने खड्डा मोजला: 20 मीटर लांब, 5 मीटर रुंद, दीड मीटर उंच. 150 घनमीटरला 700 किलोने गुणलं आणि 105 टनांचे पैसे घेतले. गुणाकार बरोबर होता. मका नीट दाबला तर घनमीटरला 700 किलो बसतोही. या खड्ड्यात तो बसलेला नव्हता.

उघडल्यावर कळलं. चांगल्या दाबलेल्या मुरघासाच्या भिंतीत बोटं पहिल्या पेरापुढे शिरत नाहीत. इथे पंजा मनगटापर्यंत गेला आणि आतून गरम लागला. मग वरून, मधून आणि खालून, प्रत्येक बाजू 50 सेंटिमीटर असे तीन ठोकळे कापून तोलले. एकेक 87 किलोच्या आसपास भरायला हवा होता. सरासरी भरली 62. म्हणजे माल 75 टन, बाकी हवा. ही हवा फुकटची नसते. तिच्यावर यीस्ट आणि बुरशी पोसली जाते, साखर जळते, आंबटपणा नीट येत नाही. वरचा काळपट थर उकिरड्यावर गेला तो वेगळाच. असला थर जनावरांपुढे टाकू नये.

मेख होती वेगात. कुट्टीचं यंत्र ताशी 25 टन माल पाडत होतं. ताशी जेवढे टन येतात त्याला 400 ने गुणा. दाबणाऱ्या ट्रॅक्टरांचं मिळून तेवढे किलो वजन लागतं. इथे 10,000 किलो हवं होतं आणि फिरत होता साडेतीन टनांचा एकच ट्रॅक्टर. तो फार तर 9 टनांना पुरतो. ट्रॉल्या मागे साचू नयेत म्हणून ढीग गुडघाभर जाडीत पसरले गेले. थर 15 सेंटिमीटरपेक्षा जाड झाला की चाकाखाली वरचा भागच दबतो, खालचा स्प्रिंगसारखा परत उसळतो. ट्रॅक्टर दिवसभर फिरताना सगळ्यांना दिसतो, थर कुणी मोजत नाही. शेवटी वरून कितीही फेऱ्या मारा, तळ दबत नाही.

त्यात पाती बोथट. कुट्टी मुठीत घेतली तेव्हा टोकं कापलेली नव्हती, चिंधीसारखी फाटलेली होती. पानांच्या वीतभर पट्ट्या तशाच. कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची, कापाला स्वच्छ हवी, नाहीतर दबायलाच तयार होत नाही. पात्यांना रोज धार लावायची असते आणि स्थिर पात्याशी फट जेमतेम ठेवायची असते.

काटा लावला म्हणजे सुटलो असंही नाही. वजनावर सौदा ठरला की काही जण कोवळा मका कापायची घाई करतात. 25 टक्के शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) असलेल्या 100 टनांत खरा चारा 25 टन, 33 टक्क्यांना 33 टन. मधले 8 टन पाणी, आणि ते रस होऊन खड्ड्याबाहेर वाहतं. कणीस मोडून दाण्यावरची दुधाची रेषा (घट्ट आणि दुधाळ भागांमधली सीमा) निम्म्यावर उतरलेली दिसल्याशिवाय यंत्र शेतात घालू देऊ नका.

सौद्यातच लिहून घ्या: दाबणी मागे पडली की कुट्टी थांबेल. भरलेली ट्रॉली तोलाल तशी रिकामीही तोला, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर खाली उतरलाय ना, ते बघा.