एशियन टूर २०२४: बघावा असा सीझन, पण कुठून बघायचा ते आधी ठरवा

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे बहुतेक लोक टायगर वूड्स आणि मास्टर्सवर थांबतात, त्यामुळे एशियन टूरचा, म्हणजे आशियातल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेचा, अख्खा सीझन फॉलो केला म्हटलं की पहिला प्रश्न येतो की त्यात बघण्यासारखं काय आहे बाबा. बरंच आहे. इतकं आहे की ज्याला गोल्फची थोडी जरी आवड आहे त्याने निदान चार-पाच स्पर्धा तरी धरून बघाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. पण सगळा सीझन एका दर्जाचा नाही हेही आधीच सांगून टाकतो, म्हणून पाचातले साडेतीन स्टार.

सुरुवात कॅटलिनपासूनच करायला पाहिजे. जॉन कॅटलिन हा अमेरिकन, पण करिअर घडलं ते आशियात, आणि युरोपियन टूरवरही २०२० आणि २०२१ मध्ये मिळून तीन स्पर्धा जिंकलेला, त्यातली एक तर वाल्डेरामासारख्या अवघड कोर्सवर. मार्चमध्ये इंटरनॅशनल सिरीज मकाऊच्या तिसऱ्या राऊंडला हा माणूस ५९ मारतो, म्हणजे १८ होल फक्त ५९ फटक्यांत! पार ७० च्या (७० फटके अपेक्षित असलेल्या) कोर्सवर ११ अंडर, शेवटच्या होलला ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) करून, आणि एशियन टूरच्या इतिहासात तोवर कुणीच ५९ मारलेला नव्हता. बरं, एवढं करूनही स्पर्धा खिशात आली नव्हती. रविवारी बरोबरी झाल्यावर प्लेऑफमध्ये दाविद पुइगला हरवावं लागलं तेव्हा कुठे ट्रॉफी मिळाली. मग एप्रिलमध्ये रियाधला सौदी ओपन पण त्याचीच, आणि जुलैत मोरोक्कोला प्लेऑफपर्यंत जाऊन बेन कॅम्पबेलकडून हरला. वर्षाअखेर ऑर्डर ऑफ मेरिट, म्हणजे टूरच्या वर्षभराच्या क्रमवारीतलं पहिलं स्थान, त्याच्याच नावावर, आणि मला विचाराल तर त्यावर कुणाचा आक्षेप असूच शकत नाही, कारण तो वर्षभर खेळला, नुसता एखादा मोठा आठवडा मारून गायब झाला नाही.

आता जे खटकतं ते. टूरमध्ये आता दोन टूर आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लिव्ह गोल्फवाल्यांनी (सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या गोल्फ लीगवाल्यांनी) या टूरसाठी दहा वर्षांचे २० कोटी डॉलर जाहीर केले, २०२२ च्या फेब्रुवारीत ते ३० कोटी केले, आणि त्यातून इंटरनॅशनल सिरीज नावाच्या मोठ्या स्पर्धा उभ्या राहिल्या. पैसा आला हे चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, कोविडमध्ये या टूरची काय अवस्था होती ते ज्यांनी पाहिलंय ते पैशाला नावं ठेवणार नाहीत. पण फरक बघा. मकाऊसारख्या स्पर्धेची प्राइझ मनी २० लाख डॉलर, म्हणजे जिंकणाऱ्याला ३ लाख ६० हजार, आणि इंडोनेशिया ओपनची ५ लाख डॉलर, म्हणजे जिंकणाऱ्याला ९० हजार. डिसेंबरच्या सौदी इंटरनॅशनलची तर ५० लाख! एकाच सीझनच्या एकाच टेबलात हे सगळं बसवलेलं.

आणि मोठ्या स्पर्धांमध्ये जिंकतंय कोण? ओमानला कार्लोस ऑर्टिझ, इंग्लंड आणि कतार दोन्हीकडे पीटर युलाइन, हाँगकाँगला पॅट्रिक रीड, सौदी इंटरनॅशनलला होआकिन नीमन, आणि फेब्रुवारीतली मलेशियन ओपन तर सिरीजमधली नसूनही पुइगने नेली. हे सगळे आधीच लिव्हमध्ये खेळणारे. रणजीचा सीझन चालू असताना आयपीएलचे स्टार चार मॅचला येऊन बक्षिसं घेऊन जावेत तसं वाटतं. इंटरनॅशनल सिरीजची वेगळी रँकिंग आहे, तिचा मूळ उद्देश आशियातल्या खेळाडूला वर लिव्हमध्ये जायला शिडी मिळावी हा, आणि वर्षाअखेर त्या रँकिंगमध्ये पहिला कोण, तर नीमन, जो शिडीच्या वरच बसलेला आहे. खेळाडू म्हणून नीमनबद्दल काही तक्रार नाही. रियाधला कॅमेरॉन स्मिथ आणि कॅलेब सरॅटबरोबर तिघांचा प्लेऑफ झाला आणि त्याने तो जिंकला, तो रविवार टॉप क्लास होता. तक्रार आहे ती रचनेबद्दल. शिडी ज्यांच्यासाठी आहे त्यांचीच वेगळी यादी लावायला पाहिजे, एवढं साधं आहे.

या टूरचा खरा जीव कुठे आहे ते बघायचं असेल तर छोट्या स्पर्धा बघा. इंडोनेशिया ओपन घ्या. स्टीव्ह ल्यूटन जिंकला, इंग्लंडचा, कित्येक वर्षं याच टूरवर फिरणारा, आधीचा विजय २०१४ चा तैवान मास्टर्सचा आणि पुढचा थेट २०२४ चा. दहा वर्षं! कट चुकला, म्हणजे पहिल्या दोन राऊंडनंतर मागे पडून बाहेर गेलं, की त्या आठवड्याला एक पैसा मिळत नाही, आणि विमान, हॉटेल, कॅडी सगळं स्वतःच्या खिशातून, कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, गेलं की परत थायलंडला क्यू-स्कूलच्या (पात्रता स्पर्धेच्या) फायनलला पाच राऊंड खेळून पहिल्या ३५ मध्ये यायचं. हे असं वर्षानुवर्षं करत राहणारा माणूस शेवटचा पट (बॉल होलमध्ये ढकलायचा फटका) टाकतो तेव्हा बघणाऱ्याच्याही हाताला घाम सुटतो, ते फीलिंग ५० लाख डॉलरच्या स्पर्धेत मला तरी येत नाही.

दुसरी शिफारस कोरियाची. मेक्युंग ओपन नामसोल क्लबवर होते, तिथले ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) इतके उताराचे आणि फास्ट की वरच्या बाजूला बॉल गेला तर नुसता स्पर्श करावा लागतो. २०२४ ला तिथे किम हाँग-तेक जिंकला, थायलंडच्या चोनलातितला प्लेऑफमध्ये हरवून. हा किम म्हणजे कोरियातल्या स्क्रीन गोल्फ टूरचा, सिम्युलेटरवरच्या गोल्फचा, नावाजलेला चॅम्पियन, तिथे बंद खोलीत जिंकायची सवय असलेला माणूस खऱ्या गवतावर देशातली एवढी जुनी स्पर्धा जिंकतो ही गोष्टच भारी आहे, आणि ती जगातल्या दुसऱ्या कुठल्या टूरवर घडेल असं वाटत नाही.

न्यूझीलंड ओपनचं वेगळं आहे, तिथे सुरुवातीच्या राऊंडला प्रोबरोबर हौशी खेळाडू पण खेळतात, त्यामुळे खेळ रेंगाळतो. जपानच्या ताकाहिरो हाताजीने जिंकली. डोंगर बघायला छान, बाकी शेवटचा दिवस बघितला तरी पुरे.

आणि हाँगकाँग ओपन, हे कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. १९५९ पासूनची स्पर्धा, फॅनलिंगचा जुना कोर्स, तोही वेगवेगळ्या कोर्सचे होल जोडून तयार केलेला, लांबीला कमी, झाडांनी आवळलेला, त्यामुळे नुसता लांब मारणारा इथे फसतो, बॉल कुठे टाकायचा याचं डोकं लागतं. तिथे नोव्हेंबरमध्ये रीडने तिसऱ्या राऊंडला ५९ मारला, एकही बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) नाही. एकाच सीझनमध्ये दुसरा ५९! रीडबद्दल लोकांची मतं काहीही असोत, त्या शनिवारी त्याचे वेज (ग्रीनजवळून मारायचे छोटे, उंच फटके) आणि पट बघणं म्हणजे शिकवणीच होती.

आपल्याकडून बघणाऱ्यांसाठी वेळ सोयीची आहे आणि हा या टूरचा मोठा प्लस पॉइंट आहे जो कुणी बोलत नाही. अमेरिकेतल्या पीजीए टूरसाठी रात्री जागावं लागतं, इथे कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, हाँगकाँग आणि मकाऊ अडीच तास, म्हणजे रविवारी लीडर्सचे शेवटचे होल आपल्या जेवणाच्या आसपास उरकतात. न्यूझीलंड सकाळच्या चहाबरोबर, ओमान-सौदी संध्याकाळी. फक्त लीडरबोर्ड उघडून ठेवला तरी मजा येते, कारण कटच्या रेषेवरची मारामारी शुक्रवारी तिथेच दिसते, टीव्ही कॅमेरा सहसा तिकडे जात नाही.

भारतीय म्हणून मात्र हा सीझन कोरडा गेला. ज्या टूरची ऑर्डर ऑफ मेरिट ज्योती रंधावाने २००२ ला, अर्जुन अटवालने २००३ ला, जीव मिल्खा सिंगने २००६ आणि २००८ ला, अनिर्बान लाहिरीने २०१५ ला आणि शुभंकर शर्माने २०१८ ला जिंकली त्या टूरवर २०२४ मध्ये आपल्या एकाही खेळाडूला एकही स्पर्धा जिंकता आली नाही. गगनजीत भुल्लरचे ११ विजय आहेत, भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त, पण अकरावा २०२३ च्या नोव्हेंबरमधला. आणि वर्षभरात भारतात एकही स्पर्धा नाही! घरच्या मैदानावर, आपल्या गवतावर, ओळखीच्या उन्हात खेळायला मिळालं की आपली पोरं वेगळी खेळतात, हे किती वेळा सिद्ध व्हायला पाहिजे? २०२५ च्या जानेवारीअखेर गुरुग्रामला डीएलएफच्या कोर्सवर इंटरनॅशनल सिरीज झाली, ब्रायसन डीशॅम्बो आला, जिंकला ऑली श्नायडरयान्स, पण लाहिरी दुसरा आला, आणि ग्रीनभोवती लोकांनी गर्दी केली होती. टूरने भारतातला आठवडा कॅलेंडरमध्ये कायमचा बसवावा, आणि एक नाही दोन, दुसरा छोट्या पैशाचा असला तरी चालेल, उलट तोच आपल्या क्यू-स्कूलवाल्या पोरांच्या जास्त कामाचा.