जपानी शिकायचंय: क्लास लावावा की घरी करावं?

मी दोन्ही करून पाहिलंय. आधी आठ महिने घरी, पुस्तक आणि मोबाइल घेऊन. मग दीड वर्ष शनिवार-रविवारचा क्लास. सुरुवात केली तेव्हा वय ४१. पुण्यातल्या एका कंपनीत पर्चेसला आहे, आमचे दोन पुरवठादार जपानी, आणि त्यांच्या माणसांशी त्यांच्या भाषेत चार वाक्यं बोलता यावीत एवढीच इच्छा होती. आता ऑफिसातलं कोणी ना कोणी अधूनमधून विचारतं, "क्लास लावू की घरीच करू?" त्यांना जे सांगते तेच इथे मांडते. मराठी आपल्याला जे आयतं देते त्यासाठी फी भरू नका, आणि जे देत नाही त्यासाठी हात आखडू नका.

आयतं मिळतं ते व्याकरण. क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. आपले प्रत्यय जसे नामाच्या मागून लागतात तसेच जपानीतले 'वा, गा, ओ, नि' मागून लागतात. पण खरं घबाड आहे ते क्रियापदाच्या 'ते'-रूपात, म्हणजे शेवटी 'ते' येणाऱ्या रूपात. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'काइते' म्हणजे लिहून, 'इत्ते' म्हणजे जाऊन. 'मिरु' म्हणजे बघणे, म्हणून 'ताबेते मिरु' हे आपलं खाऊन बघणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'काइते ओकु', लिहून ठेवणे. 'शिमाउ' म्हणजे संपवणे, आवरून ठेवणे. 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणे. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमास' म्हणतो. जाऊन येतो! आपल्याकडे 'जातो' म्हणायचं नसतं, तिथेही तसंच. हे एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या लक्षात आलं आणि वही तशीच उघडी ठेवून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. कोणी सांगितलं नव्हतं, आपलं आपल्याला सापडलं होतं.

क्लासमध्ये हाच भाग बहुतेक इंग्रजीतून शिकवतात, आणि मग प्रत्येक रूपाला वेगळं नाव, वेगळा नियम. आमच्याकडे 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक होतं. त्यात 'ते'-रूप १४व्या धड्यात येतं आणि तिथूनच आमच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली. सगळे नोकरदार, हुशार लोक. मराठीतून सांगितलं असतं तर त्यांतले काही नक्की टिकले असते, असं मला आजही वाटतं.

आता जे आयतं मिळत नाही ते. स्वरांची लांबी. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बिअर. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, पण बोलताना पाळतोच असं नाही. त्यात मी घरी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहीत होते, आणि तिथेच घात झाला. आपला 'आ' मुळातच दीर्घ. जपानीतला आखूड 'आ' लिहायलाही तोच काना वापरावा लागतो, त्यामुळे कानाला फरक करायची सवयच लागत नाही. आठ महिने आजी आणि मावशी मी एकसारख्याच म्हणत होते आणि मोबाइलने एकदाही अडवलं नाही. मी वापरत होते ते ॲप बोट कुठे टेकलं ते तपासायचं, तोंडातून काय निघालं ते नाही.

क्लासच्या दुसऱ्याच शनिवारी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, मला थांबवलं. टाळ्या वाजवायला लावल्या: ओ-बा-सा-न, चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न, पाच. 'कित्ते'ला तीन, मधली टाळी तोंड बंद ठेवून. मला शाळेतलं लघु-गुरू आठवलं, गुरूच्या दोन मात्रा. अगदी तेच गणित. हायकूचे ५-७-५ सुद्धा याच मात्रांनी मोजतात. त्या एका तासात जे सुधारलं ते घरी वर्षभर बसून सुधारलं नसतं, आणि माझी फी तिथेच वसूल झाली.

लिपीचं काम मात्र घरचंच. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारांच्या लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, तीन-चार आठवड्यांत होतात. ओळींचा क्रमही ओळखीचा आहे: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. संस्कृत वर्णमालेचा वारसा आहे तो. एवढं करून मगच क्लासला जा, म्हणजे पहिला महिना अक्षरं गिरवण्यात जात नाही. कांजीलाही, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रलिपीलाही, चौकटींची वही आणि रोजची वीस मिनिटं हाच उपाय. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. कुठलाच क्लास त्या हात धरून गिरवून घेणार नाही. क्लासने मला एवढंच दिलं की रेघांचा क्रम सुरुवातीलाच दुरुस्त झाला. 'मिगी' (उजवा) आणि 'हिदारी' (डावा) यांचा वरचा भाग दिसायला सारखाच, पण उजव्यात आधी तिरकी रेघ काढतात आणि डाव्यात आधी आडवी.

नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर घर पुरतं. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, पुण्यात केंद्र आहे. एन-५ या सगळ्यात सोप्या पातळीला १८० पैकी ८० गुण लागतात, त्यात श्रवणाला ६० पैकी किमान १९. सगळे प्रश्न पर्यायांचे. बोलायची परीक्षाच नाही, हाताने लिहायचीही नाही. घरी करणाऱ्याने फक्त ऐकणं रोज करावं. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसकट फुकट उतरवून घेता येतं. पण तिकडे जाऊन राहायचं, काम करायचं असेल तर पर्यायांवर गोल काळे करून भागत नाही. तिथे क्लास हवाच, निदान सुरुवातीचं वर्षभर.

पैशांचं आणि वेळेचं फार बोलत नाही. घर स्वस्त पडतं, क्लासला जाण्या-येण्यात अर्धी सुट्टी जाते. एवढंच की मार्चअखेरीस घरचा अभ्यास माझा पाच आठवडे बंद पडला आणि कुणी विचारलंही नाही. क्लासच्या वर्षी त्याच महिन्यात दोनच तास बुडले.

क्लास ठरवायचा झाला तर फीचा तक्ता नंतर बघा, आधी डेमो लेक्चरला घड्याळ लावून बसा. दोन तासांत एकेकाने किती मिनिटं तोंड उघडलं आणि सेन्सेईंनी किती जणांना मध्येच थांबवून नीट म्हणायला लावलं, ते मोजा. मी पाहिलेल्या पहिल्या क्लासात चाळीसेक जण होते, तास फळ्यावरचं उतरवण्यात गेला. ज्यात मी शेवटी बसले तिथे आम्ही अकरा जण होतो, आणि प्रत्येकाच्या टाळ्या वेगळ्या ऐकू यायच्या.